रस्त्याचं भाडं आणि गावची वाहिनी

सभागृहात साठी ओलांडलेले बरेच जण दिसतायत, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. रेडिओचं लायसन आठवतंय का? पासबुकासारखी छोटी वही असायची. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, मग त्या वहीत तिकिटं चिकटवून शिक्का मारून मिळायचा. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चाललं, मग बंद झालं. आजच्या मुलांना सांगितलं की रेडिओ ऐकायला परवाना लागायचा, तर त्यांना ती थट्टा वाटते.

या व्यवस्थेचा हिशेब सोपा होता. ऐकणाऱ्याने पैसे भरायचे, ते सरकारजमा व्हायचे, आकाशवाणी चालायची. पण माण तालुक्यातल्या माणसाने लायसनचे पैसे भरले म्हणून त्याचा आवाज रेडिओवर लागेल, अशी काही सोय त्यात नव्हती. पैसे गावातून वर जायचे, आवाज वरून खाली यायचा.

आज ज्या व्यवस्थेचा इतिहास सांगणार आहे, ती याच्या बरोबर उलटी आहे. अमेरिकेतल्या शेकडो गावांत लोक केबलचं जे बिल भरत होते, त्यातले शंभराला पाचपर्यंत गावाकडे राहायचे आणि त्यातून त्या गावची स्वतःची वाहिनी चालायची. गावाने चालवलेली, गावातल्या लोकांनी कॅमेरा धरलेली. मग लोकांनी केबल तोडली आणि नेटफ्लिक्स घेतलं. पाचाचे तीन झाले, दोन झाले. आता तिथे वाद असा आहे की नेटफ्लिक्ससारख्या कंपन्यांकडून ते पाच टक्के घ्यावेत का. आणि मागायचेच, तर कोणत्या हक्काने? या दुसऱ्या प्रश्नावर आज जास्त वेळ घालवणार आहे, कारण गाडी तिथेच अडली आहे.

आधी केबल जन्मली कशी ते पाहू. आपल्याकडे केबल म्हटली की १९९१चं आखाती युद्ध, सीएनएन आणि गच्चीवरून गच्चीवर टाकलेल्या वायरी आठवतात. अमेरिकेत ती १९४८च्या सुमारास आली, आणि शहरात नव्हे, डोंगराळ भागात आली. पेनसिल्व्हेनियातलं महानॉय सिटी हे खाणकामगारांचं गाव. तिथे जॉन वॉलसन नावाचा गृहस्थ विजेची उपकरणं विकायचा. त्याची अडचण अशी की फिलाडेल्फियाचा सिग्नल डोंगराआड अडायचा. चित्रच दिसत नाही तर टीव्ही कोण घेणार? त्याने डोंगरावर अँटेना उभारला आणि तिथून वायर खाली आणली. ऑरेगनमधल्या अ‍ॅस्टोरियात एड पार्सन्स नावाच्या माणसाने त्याच सुमारास हेच केलं. पहिला कोण, यावर दोन्हीकडचे लोक अजून भांडतात, आपण त्यात पडायला नको. लक्षात ठेवायची गोष्ट एकच. वायर डोंगरावरून घराघरांत न्यायची, तर ती गावच्या खांबांवरून किंवा गावच्या रस्त्याखालून न्यावी लागते. खांब आणि रस्ता ही सार्वजनिक जागा. म्हणजे गावाची परवानगी आली, करार आला, भाडं आलं. आपल्याकडे टेलिफोनवाले, गॅसवाले चर खोदतात तेव्हा महापालिका त्यांच्याकडून पैसे घेते ना, त्यातलाच हा प्रकार. या कराराला तिकडे फ्रँचाइझ म्हणतात आणि त्या भाड्याला फ्रँचाइझ फी.

हा झाला पैशाचा उगम. कल्पनेचा उगम मात्र दुसरीकडे आहे, आणि तो मला जास्त आवडतो.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंडजवळ फोगो नावाचं बेट आहे. मच्छीमारांची वस्ती. १९६०च्या दशकात मासेमारीचं गणित बसेना, आणि सरकारचा विचार होता की ही विखुरलेली वस्ती उठवून लोकांना दुसरीकडे वसवावं. आपल्याला पुनर्वसन हा शब्द समजावून सांगायला नको, कोयनेपासून आपण तो ऐकतोय. १९६७ साली कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने कॉलिन लो या दिग्दर्शकाला तिथे पाठवलं. त्याने बेटावर एक मोठा माहितीपट काढला नाही. छोटे छोटे पंचवीसएक चित्रपट केले. एका वाडीतल्या मच्छीमाराचं म्हणणं चित्रित केलं आणि ते दुसऱ्या वाडीत नेऊन दाखवलं. एकाच बेटावरचे लोक, पण धर्मपंथ वेगळे, शाळा वेगळ्या, एकमेकांशी फारसं बोलणं नाही. समोरच्या वाडीची अडचण आपलीच आहे हे त्यांनी पडद्यावर पाहिलं. मग हेच चित्रपट सरकारी अधिकाऱ्यांना दाखवले, आणि अधिकाऱ्यांचं उत्तर चित्रित करून परत बेटावर आणलं. पुढे बेटावर मच्छीमारांची सहकारी संस्था उभी राहिली. फोगो आजही तिथेच आहे, लोक तिथेच आहेत. सगळं श्रेय चित्रपटांचं, असं मी म्हणणार नाही. मासा, बोटी आणि सहकार यांचं श्रेय मोठंच. पण माणसाने कॅमेऱ्यासमोर बोलायचं आणि ते वरच्या साहेबाआधी शेजाऱ्याने पाहायचं, हा प्रयोग तिथे झाला.

त्याच कार्यक्रमात, ‘चॅलेंज फॉर चेंज’ असं त्याचं नाव, जॉर्ज स्टोनी हा अमेरिकी माहितीपटकार काही काळ प्रमुख होता. तो न्यूयॉर्कला परतला आणि १९७१ साली रेड बर्न्स या बाईंबरोबर त्याने न्यूयॉर्क विद्यापीठात ‘अल्टरनेट मीडिया सेंटर’ सुरू केलं. तोवर सोनीचा पोर्टापॅक बाजारात आला होता, म्हणजे खांद्याला अडकवून एका माणसाने नेता येईल असा व्हिडिओ कॅमेरा. आणि नेमकं त्याच वर्षी, जुलै १९७१मध्ये, मॅनहॅटनमध्ये लोकांसाठी राखून ठेवलेल्या केबल वाहिन्या सुरू झाल्या. आदल्या वर्षी शहराने दोन केबल कंपन्यांना रस्ते वापरायची परवानगी दिली, तेव्हाच ही अट करारात घातली होती. या वाहिन्यांवर कोणीही यावं, आपला कार्यक्रम आणावा. जो पहिला येईल त्याला पहिली वेळ. मजकुरावर कंपनीची कात्री नाही.

म्हणजे बघा, फोगोची कल्पना आणि रस्त्याचं भाडं यांची गाठ मॅनहॅटनमध्ये पडली. ती गाठ कोणी फार विचार करून मारली होती असं मला वाटत नाही. रस्ता शहराचा, तर मोबदल्यात पैशाबरोबर एक वाहिनीही मागा, इतकाच व्यवहार.

१९७२ साली तिथल्या केंद्रीय दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, हा व्यवहार देशभराचा नियम केला. मोठ्या शंभर बाजारपेठांत केबल कंपन्यांनी तीन वाहिन्या राखायच्या. एक सर्वसामान्य लोकांसाठी, एक शाळा-कॉलेजांसाठी, एक स्थानिक सरकारसाठी. कंपन्या कोर्टात गेल्या. १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम रद्द केला. आयोगाला तसा अधिकारच नाही, म्हणाले. पण तोवर शहरांना या मागणीची चव लागली होती. एकेका शहराचं कंत्राट मिळवायला कंपन्यांत चुरस होती आणि त्या वाटेल ते कबूल करत होत्या. स्टुडिओ देतो, गाडी देतो, कॅमेरे देतो. निवडणुकीच्या तोंडावर आपल्याकडे रस्ते, गटारं, समाजमंदिर कबूल करतात तसंच. कंत्राट मिळाल्यावर कबुली विसरायची, हेही तसंच.

या गोंधळातून १९८४चा केबल कायदा निघाला. तो सिनेटमध्ये रेटला बॅरी गोल्डवॉटर यांनी आणि त्यावर सही केली रोनाल्ड रेगन यांनी. दोघेही कट्टर उजवे, सरकारी हस्तक्षेपाचे विरोधक. सामुदायिक माध्यमं म्हणजे डाव्या चळवळीचं खूळ, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन नावं लक्षात ठेवावीत. कायदा तडजोडीचा होता. कंपन्यांना हवं होतं की शहरांच्या मागण्यांना मर्यादा असावी. शहरांना हवं होतं की त्यांचा हक्क कायद्यात पक्का व्हावा. तोडगा निघाला पाच टक्क्यांचा. केबल सेवेतून होणाऱ्या एकूण उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत शहर भाडं घेऊ शकेल, शिवाय लोकवाहिन्या राखायची अट करारात घालू शकेल.

कायद्यात दोन बारीक गोष्टी राहून गेल्या. तेव्हा त्या कोणाला टोचल्या नाहीत. पहिली, पाच टक्के लोकवाहिनीवरच खर्च करा असं कायदा म्हणत नाही. कित्येक शहरांनी ते पैसे सरळ तिजोरीत टाकले आणि रस्ते, पोलीस, पगार यांत घातले. मॅसॅच्युसेट्स, व्हरमाँट अशा काही राज्यांत मात्र त्यातून वाहिन्या खरोखर उभ्या राहिल्या. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पाच टक्के कशाचे, तर ‘केबल सेवेच्या’ उत्पन्नाचे. या दोन शब्दांकडे पुढे परत येऊ.

या वाहिन्यांवर दिसायचं काय? खरं सांगायचं तर बरंच काही कंटाळवाणं. नगरपरिषदेची सभा, चार-चार तास, पहिल्यापासून शेवटपर्यंत. शाळा मंडळाची बैठक. चर्चची प्रार्थना, हायस्कूलचा फुटबॉल सामना, आजीबाईंची पाककृती, स्थलांतरितांच्या भाषेतले कार्यक्रम. विचित्र माणसंही भरपूर. ‘वेन्स वर्ल्ड’ हा १९९२चा विनोदी सिनेमा आठवत असेल, तळघरातून कार्यक्रम करणारी दोन पोरं, ती या वाहिन्यांवरचीच.

आणि कधी कधी त्याहून वाईट. १९८८ साली मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीत कू क्लक्स क्लॅनने लोकवाहिनीवर वेळ मागितली. गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी खून पाडणाऱ्या परंपरेची ही संघटना. नियम म्हणतो, जो येईल त्याला वेळ द्या. नगरपरिषदेने काय करावं? तिने वाहिनीच बंद करून टाकली. क्लॅन कोर्टात गेली. न्यायाधीशांचा कल दिसल्यावर शहराने १९८९मध्ये वाहिनी पुन्हा सुरू केली. मी हा प्रसंग मुद्दाम सांगतोय, कारण लोकांचं माध्यम म्हटलं की आपण डोळ्यांसमोर फक्त सज्जन लोक आणतो. पार गावचा असतो तेव्हा त्यावर गावगुंडही येऊन बसतो. त्याला उठवायचं कसं, हा प्रश्न या व्यवस्थेने शेवटपर्यंत नीट सोडवला नाही.

तर आता पैशाची गोष्ट. एक काल्पनिक गाव घ्या. चार हजार घरांत केबल, घरटी महिन्याला ८० डॉलर बिल. पाच टक्के म्हणजे चार डॉलर. चार हजार घरांचे महिन्याला १६,००० आणि वर्षाला १,९२,००० डॉलर. एवढ्यात स्टुडिओची जागा, दोन-तीन माणसांचा पगार, कॅमेरे आणि संध्याकाळी येणाऱ्या हौशी मंडळींचं प्रशिक्षण, हे सगळं जेमतेम बसतं. आता दोन हजार घरांनी केबल तोडली. रक्कम ९६,०००वर आली. पण स्टुडिओचं भाडं निम्मं होत नाही. एक माणूस कमी करता येतो, मग शनिवारचं प्रशिक्षण बंद होतं, मग सभेचं चित्रण फक्त एका कॅमेऱ्याने होतं. या वाहिन्या एका दिवसात बंद पडत नाहीत. हळूहळू आटतात.

आणि आटण्याचा काळही वाईट आला. अमेरिकेत २००५पासून एक तृतीयांशाहून जास्त वर्तमानपत्रं बंद पडली आहेत. त्यात गावोगावची साप्ताहिकं मोठ्या संख्येने. पूर्वी नगरपरिषदेच्या सभेला साप्ताहिकाचा बातमीदार बसायचा. आता कित्येक ठिकाणी तिथे लोकवाहिनीचा कॅमेरा तेवढा उरला आहे.

आता त्या दोन शब्दांकडे येतो. केबल सेवा. १९९०च्या दशकाअखेर केबल कंपन्यांनी त्याच वायरीतून इंटरनेट द्यायला सुरुवात केली. काही शहरं त्यावरही भाडं घेऊ लागली. २००२मध्ये एफसीसीने ठरवलं की केबलच्या वायरीतून येणारं इंटरनेट ही ‘केबल सेवा’ नव्हे, ती ‘माहिती सेवा’. झालं. त्या उत्पन्नावरची फी गेली. शिवाय इंटरनेट जोडणीवर कर लावायला १९९८पासून मनाई होतीच. आधी ती मुदतीची होती, २०१६मध्ये कायमची झाली.

आता एका घरात काय होतं बघा. कुटुंब पूर्वी एका कंपनीला टीव्हीचे पैसे द्यायचं. आता त्याच कंपनीला इंटरनेटचे पैसे देतं आणि त्यावर नेटफ्लिक्स बघतं. रस्ता तोच. रस्त्याखालची वायर तीच. कंपनी तीच. घरातला सोफाही तोच. फक्त कागदावरचं नाव बदललं, आणि गावाचा हिस्सा शून्य झाला. लोक म्हणतात की तंत्रज्ञानाने लोकवाहिन्या मारल्या. मला ते पटत नाही. वायर आहे तिथेच आहे. व्याख्या बदलली.

मधल्या काळात आणखी एक घाव बसला. टेलिफोन कंपन्यांना टीव्हीच्या धंद्यात उतरायचं होतं. गावोगावी जाऊन करार कोण करत बसणार? त्यांनी राज्य पातळीवर कायदे करून घेतले. टेक्सासने २००५मध्ये सुरुवात केली, कॅलिफोर्नियाने २००६मध्ये, मग अनेक राज्यांनी. करार गावाशी नाही, राज्याशी. गावाची घासाघीस करायची ताकद गेली आणि काही ठिकाणी स्टुडिओ लगेच बंद झाले.

मग शहरांनी विचार केला, आपण थेट स्ट्रीमिंगवाल्यांकडूनच मागू. २०१८पासून खटले सुरू झाले. आर्कान्साचं अ‍ॅशडाउन, नेवाडाचं रीनो, ओहायोतलं मेपल हाइट्स, इलिनॉयमधलं ईस्ट सेंट लुइस. समोर नेटफ्लिक्स, हुलू आणि इतर. शहरांचा युक्तिवाद असा की तुमचा व्हिडिओ आमच्या रस्त्याखालून येतो, भाडं द्या. कंपन्यांचं उत्तर, आम्ही कुठे चर खोदला? वायर दुसऱ्याची आहे, आम्ही फक्त तिच्यातून माल पाठवतो. नोव्हेंबर २०२२मध्ये ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने मेपल हाइट्सच्या विरोधात निकाल दिला. ज्यांनी सार्वजनिक जागेत वायर टाकलेली नाही त्यांना हा राज्याचा कायदा लागू नाही. रीनो, अ‍ॅशडाउन, ईस्ट सेंट लुइस, सगळी हरली. प्रत्येक निकालाची कायदेशीर कारणं थोडी वेगळी, पण पदरात तेच.

आणि मंडळी, कोर्ट चुकलं असं मला म्हणता येत नाही. आपल्या गावातून एसटी जाते, तिच्याकडून कर घ्याल. एसटीत बसलेल्या प्रवाशाच्या डब्यातल्या लाडवावर रस्त्याचं भाडं मागाल का? शहरांनी चूक केली ती पन्नास वर्षांपूर्वी. त्यांनी लोकवाहिनीचा हक्क रस्त्याच्या खुंटीला टांगला. रस्ता आमचा म्हणून वाहिनी द्या, असं म्हटलं. खुंटी तेव्हा मजबूत होती, म्हणून दुसरी शोधली नाही. लोकांकडून कमावता, लोकांचं लक्ष विकता, म्हणून लोकांच्या संवादासाठी वाटा द्या, असा कायदा तेव्हाही करता आला असता. १९८४मध्ये रेगन त्यावर सही करते का, हा भाग वेगळा.

मॅसॅच्युसेट्समध्ये लोकवाहिन्यांच्या संघटनेने स्ट्रीमिंगच्या उत्पन्नावर पाच टक्के आकारणीचा कायदा मागितला आहे. अधिवेशनामागून अधिवेशन तो मांडला गेला आणि समित्यांत अडकत राहिला. गंमत म्हणजे त्याचाही मुख्य आधार पुन्हा रस्ताच आहे. स्ट्रीमिंग ज्या यंत्रणेवरून येतं ती सार्वजनिक जागेत आहे, म्हणून द्या. सवय जात नाही. विरोधक म्हणतात, हा शेवटी ग्राहकाच्या बिलात येणार. ते खरंच आहे. केबलच्या बिलातही ही फी वेगळी ओळ म्हणून छापायची मुभा होती आणि ती छापलेलीच असायची. गाव स्वतःच्या वाहिनीचे पैसे स्वतःच भरत होतं, कंपनी फक्त गोळा करून देत होती. यात लपवण्यासारखं काही नाही. उलट ते उघड बोललेलं बरं.

दुसरी खुंटी कोणी शोधली, तर कॅनडाने. तिथे १९७०च्या दशकापासून केबल कंपन्यांनी सामुदायिक वाहिनी चालवावी अशी सरकारी नियामकाची, सीआरटीसीची, अपेक्षा होती. त्यांचा तर्क रस्त्याचा नव्हता. तुम्ही देशाच्या प्रसारण व्यवस्थेतून कमावता, तर त्या व्यवस्थेला योगदान द्या, असा होता. तिथली वाहिनी कंपनीच चालवायची, त्यामुळे १९९७ नंतर नियम सैल झाल्यावर कंपन्यांनी बरेच छोटे स्टुडिओ बंद केले. पण तर्क शिल्लक राहिला. त्याच तर्कावर एप्रिल २०२३मध्ये ऑनलाइन स्ट्रीमिंग कायदा झाला आणि जून २०२४मध्ये सीआरटीसीने आदेश काढला. ज्या स्ट्रीमिंग सेवांचं कॅनडातलं वार्षिक उत्पन्न अडीच कोटी कॅनेडियन डॉलर किंवा जास्त आहे आणि ज्या तिथल्या प्रसारण कंपन्यांच्या नाहीत, त्यांनी उत्पन्नाच्या पाच टक्के द्यायचे. अंदाज वर्षाला वीस कोटी डॉलरचा.

पुन्हा पाच. हा आकडा कुठून येतो कोण जाणे. आपल्याकडेही दूरसंचार कंपन्या ग्रामीण जोडणीच्या निधीसाठी समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्केच देतात.

पण कॅनडाची वाटणी बघा. व्हिडिओ सेवांच्या पाचातले दीड टक्के स्वतंत्र स्थानिक बातम्यांच्या निधीला, बाकी निर्मितीच्या वेगवेगळ्या निधींना. संगीत सेवांच्या पाचातला अर्धा टक्का सामुदायिक रेडिओच्या निधीला. सामुदायिक दूरचित्रवाणीसाठी वेगळा वाटा नाही. म्हणजे ज्या देशात फोगो घडलं, तिथे नवा पैसा आला तेव्हा पंगतीत फोगोच्या वारसांना शेवटचं पान मिळालं. तेही मिळालंच असं नाही. कंपन्या कोर्टात गेल्या आणि डिसेंबर २०२४मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने निकाल लागेपर्यंत या वसुलीला स्थगिती दिली. वर अमेरिकी सरकारचा व्यापारी दबाव. जून २०२५मध्ये त्या दबावाखाली कॅनडाने डिजिटल सेवा कर मागे घेतला. तो कर वेगळा, पण वारा कुठून वाहतोय ते कळतं.

आता आपल्याकडे. भारतात हा तर्क कोर्टाने फार स्पष्ट मांडला आहे, आणि तो मांडणारे न्यायमूर्ती मराठी होते. ९ फेब्रुवारी १९९५, हीरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेला खटला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात म्हटलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. सरकारची नव्हे, कंपनीची नव्हे. याच विचारावर पुढे सामुदायिक रेडिओचं दार उघडलं. २००२मध्ये शिक्षणसंस्थांसाठी, २००६मध्ये सामाजिक संस्थांसाठी. साताऱ्यातल्या म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ त्यातूनच २००८मध्ये सुरू झाली. सुरुवातीला मी माण तालुक्याचं नाव घेतलं ते उगाच नाही.

आवाजाचा हक्क मिळाला. पैशाची खुंटी मात्र मिळाली नाही. सामुदायिक रेडिओने जगायचं कशावर? देणग्या आणि जाहिराती. २०२४मध्ये तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिरातींना परवानगी मिळाली आणि सरकारी जाहिरातीचा दहा सेकंदांचा दर ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. दहा सेकंदांना ७४ रुपये, तेही सरकारी जाहिरात आली तर. केबलवरचा करमणूक कर आपल्याकडे वर्षानुवर्षं होता, जिल्हाधिकारी कचेरीतली करमणूक कर शाखा दर जोडणीमागे तो वसूल करायची. तो राज्याच्या तिजोरीत गेला. त्यातला एखादा रुपया तालुक्याच्या वाहिनीला द्यावा असं कोणाच्या मनात आलं नाही. १ जुलै २०१७ला जीएसटी आला आणि ती शाखाही गेली.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग आपल्या नगरपालिकेला ओटीटीवर कर लावता येईल का?)

कायद्याच्या पुस्तकात फट आहे. जीएसटीसाठी घटनादुरुस्ती झाली तेव्हा करमणुकीवरचा कर राज्यांच्या यादीतून पूर्ण काढला नाही. पंचायत किंवा नगरपालिका लावेल आणि वसूल करेल तेवढा तो शिल्लक ठेवला. राज्याने तसा कायदा केला तर दार आहे. ओटीटीला ते लागू होईल का, हे कोर्ट ठरवेल. अमेरिकेत शिकागो शहराने २०१५मध्ये जुना करमणूक कर स्ट्रीमिंगला लावला, नऊ टक्के, आणि तो कोर्टात टिकला. लक्षात घ्या, तिथे रस्त्याचा उल्लेखच नव्हता. पण तो पैसा शहराच्या सर्वसाधारण खर्चात जातो. आपल्याकडेही कायद्यात खर्चाचं नाव लिहिलं नाही तर तेच होईल. आणि सभेचं चित्रण दाखवणाऱ्या वाहिनीसाठी नगरसेवक स्वतःहून पैसे मंजूर करतील, असं तुम्हाला वाटतं का? (हशा)

(प्रश्न : पण या वाहिन्या कोणी बघतं का?)

फार कमी लोक, असाच माझा समज आहे. मोठ्या वाहिन्यांसारखी यांची प्रेक्षकसंख्या सहसा मोजलीही जात नाही. पण एक गोष्ट सांगतो. व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टन गावाचा महापौर १९८६ ते १९८८ या काळात तिथल्या लोकवाहिनीवर कार्यक्रम करायचा. हातात माईक घेऊन मॉलमध्ये, शाळेत जायचा, लोकांना प्रश्न विचारायचा. तेव्हा तो कोणी फारसा पाहिला असेल असं वाटत नाही. महापौराचं नाव बर्नी सँडर्स. २०१९मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे होते, तेव्हा देशभरचे पत्रकार त्या टेप शोधत आले. त्या मिळाल्या, कारण गावच्या वाहिनीच्या केंद्राने त्या तीस वर्षं जपून ठेवल्या होत्या.